मालकाची रिकामी खेप

माझ्या थोरल्या बहिणीच्या दोन्ही किडन्या गेल्या त्या वर्षी मी तिच्या मोबाइलवर राक्षसी प्राण्यांच्या झुंजीचा एक खेळ टाकून दिला. डायलिसिसचे चार तास काही केल्या सरत नव्हते, एवढंच कारण. डाव्या हातात दोन जाड सुया, तो हात हलवायचा नाही, उजवा मोकळा. झोप लागत नाही, समोरच्या टीव्हीवर कायम कन्नड बातम्या, शेजारच्या कॉटवरचे आजोबा सारखे कण्हत असायचे. पहिल्या आठवड्यात तिनं छताचे चौकोन मोजले. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, आता आणखी मोजले तर मला किडनीच्या डॉक्टरकडून वेड्यांच्या डॉक्टरकडं न्यावं लागेल.

आम्ही बिदरजवळच्या मन्नाएखेळ्ळीचे. हायवेला अप्पांचं दोरखंड आणि ताडपत्रीचं दुकान आहे. आमच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती; अप्पांनी ती विकून दुकान टाकलं. अक्का लहानपणापासून त्या दुकानात बसलेली. बारावीला गणितात तालुक्यात नाव काढलं होतं तिनं, पण पुढं शिकवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. उदगीरकडं दिली. चार वर्षांनी अंगावर सूज आली, तपासण्या झाल्या, आणि सासरच्यांनी 'जरा औषधपाण्याला' म्हणून माहेरी आणून सोडलं ते सोडलंच. नवरा सुरुवातीला फोन करायचा. मग फोनही बंद झाला. अक्का त्यावर एक शब्द बोलायची नाही, आणि आम्ही विचारायचो नाही.

सोमवार, बुधवार, शुक्रवार मी तिला बसनं नौबादच्या डायलिसिस सेंटरला न्यायचो. तिथं घरच्या माणसाला आत घेत नाहीत. ती आत कॉटवर, मी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर. मी मग माझ्याही मोबाइलवर तोच खेळ टाकला आणि आम्ही दोघांविरुद्ध दोघं अशा झुंजी खेळायला लागलो. फोन चालू ठेवायचा, कानात वायर, ती आतून हळू आवाजात बोलायची आणि मी बाहेरून ऐकायचो. सिस्टर बाई सुरुवातीला ओरडल्या. नंतर त्याच विचारायला लागल्या की आज जिंकलात का.

खेळ सोपा आहे. प्रत्येकानं तीन प्राणी आणायचे, त्यातला एकेकच मैदानात. एका वेळी दर प्राण्याला एक गोष्ट करता येते: मारायचं, ढाल घ्यायची, किंवा मागं जाऊन दुसऱ्याला पाठवायचं. आम्ही त्या वेळेला खेप म्हणायचो, दुकानात लॉरीवाल्यांच्या तोंडी सतत तोच शब्द. अक्काला एक प्राणी असा मिळाला होता की बघूनच माणूस मागं सरावा. तोंड रेड्याचं, अंग अस्वलाचं, नखं विळ्याएवढी. एका फटक्यात समोरचा आडवा. त्याच्याएवढी ताकद त्या अख्ख्या खेळात चार-पाच प्राण्यांनाच असेल. पण खोड एकच, आणि ती काही केल्या जात नाही. एक खेप तो लढायचा आणि पुढची खेप लोळत पडायचा. कितीही दाबा बटण, हलायचा नाही.

अक्कानं त्याचं नाव ठेवलं मालक. आमच्याकडं बाया नवऱ्याला मालक म्हणतात. मी हसलो तशी ती म्हणाली, हसतोस कामून, एक दिवस काम आणि एक दिवस लोळणं, हुबेहूब हाय की. तिच्या नवऱ्याबद्दल त्या दोन वर्षांत ती बोलली ते एवढंच.

आता माझी अक्कल सांगतो. हातात एवढा दांडगा गडी असल्यावर त्याला पहिल्यांदा पुढं काढायचा आणि दणका द्यायचा, यापलीकडं माझं डोकं चालत नव्हतं. मी अक्काला तसंच खेळायला लावलं. सलग अकरा झुंजी हरलो. समोरचे काही वेडे नव्हते. मालक पुढं आला की त्याच्या भरल्या खेपेला ते गुमान ढाल घ्यायचे, फटका वाया घालवायचे, आणि रिकाम्या खेपेला तो लोळत पडला की दोघं मिळून त्याला कुटायचे. मी चिडायचो, खेळालाच शिव्या द्यायचो, हा प्राणीच भंगार आहे म्हणायचो. अक्का पडल्या पडल्या विचार करायची. तिला दुसरा उद्योगच काय होता?

मग एका सोमवारी, सुया टोचून मशीन सुरू झाल्यावर, तिनं मला फोनवर शाळेतल्या मास्तरासारखं समजावलं. ती मला तम्मा म्हणायची, कन्नडमध्ये धाकट्या भावाला म्हणतात तसं.

"तम्मा, भरल्या खेपेची काळजी सोड. ती आपली आपण होतीय. डोकं चालवायचं ते रिकाम्या खेपेला. त्या खेपेला मालकाला कोण झाकणार, ते आधी ठरवायचं. मगच त्याला भाईर काढायचं."

या एका गोष्टीवर तिनं सगळा डाव बांधला. खेळात ढाल लागोपाठ दोनदा घेता येत नाही, दुसऱ्यांदा ती फसते. म्हणून आधी दुसऱ्याच प्राण्यानं दमदाटी करून समोरच्यांना ढाल घ्यायला लावायचं. त्यांची ढाल खर्ची पडली की पुढच्या खेपेला मालकाचा फटका; तेव्हा त्यांना वाचायला काही नसतं. त्यानंतरची रिकामी खेप माझी. माझ्याकडं एक कासव होतं, मारायला अगदी पुचाट, पण ते आपली पाठ पसरून शेजाऱ्यालाही झाकायचं. मालक लोळणार त्या खेपेला माझ्या कासवानं पाठ पसरायची, बस्स. दुसरं काही करायचं नाही, मोह झाला तरी नाही. अक्का कानात मोजायची: भरली, रिकामी, भरली, रिकामी. लॉरी माल घेऊन जाते आणि मोकळी परत येते, तशी.

आणि कासव थकलं असलं तर? तर मालकाला मागं ओढायचा. पुन्हा पुढं आला की त्याचं मोजणं नव्यानं सुरू होतं, पहिली खेप भरलीच. पण मधेच बदली करून आणलं तर येता येता त्याला समोरच्यांचा मार बसतो. त्यावरही तिचा इलाज होता. तिच्या तीन प्राण्यांत एक साळिंदर होतं, एवढंसं, कशात काही दम नसलेलं. मी शंभरदा म्हणालो हे बदल. ती बदलायची नाही. साळिंदराला पुढं करायचं, ते मरायचं, आणि ज्या जागी ते मेलं तिथं मालक फुकटात, एक ओरखडा न बसता उभा राहायचा. आपला एक पडला की पुढच्याला मोकळी वाट मिळते, हा त्या खेळाचा नियमच आहे. मला ते बघवत नव्हतं. ती म्हणायची, त्याचं कामच ते हाय.

त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात आम्ही असे वर चढलो की काय सांगू. एका बुधवारची झुंज अजून डोळ्यांपुढं आहे. समोरची जोडी आमच्याहून कितीतरी वरची होती. दोघांचे मिळून चार प्राणी शिल्लक, आमचे दोनच: मालक आणि माझं कासव. त्यात अक्काच्या पायात गोळे यायला लागले. डायलिसिसमध्ये अंगातलं पाणी भराभर ओढलं की येतात. तिचा आवाज दातांतून यायला लागला. मी म्हणालो सोडून दे, सिस्टरला बोलाव. ती म्हणाली, "रिकामी हाय, झाक." मी झाकलं. "भरली." मालकानं एक आडवा केला. "रिकामी." झाकलं. अशा आठ खेपा. शेवटचा पडला तेव्हा तिनं मोबाइल छातीवर ठेवला आणि मग सिस्टरला हाक मारली. परतीच्या बसमध्ये तिचा चेहरा पांढराफटक होता, पण हसत होती. लग्नानंतर तिला एवढं हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

तुरीच्या राशी चालू होत्या त्या दिवसांत हैदराबादच्या दवाखान्यातून किडनी कुणाची जुळते त्याचे रिपोर्ट आले. आईला शुगर होती, अप्पांचं वय झालेलं, दोघांना डॉक्टरांनी आधीच बाजूला केलं होतं. माझी किडनी अक्काला जुळली. डॉक्टर म्हणाले नशीबवान आहात, कागदं पूर्ण करून या, जितकं लवकर तितकं बरं. मी फाइल घेऊन बसमध्ये बसलो तेव्हा मला आनंद झाला होता. खोटं सांगत नाही, झाला होता. झहीराबाद येईपर्यंत मात्र पोटाला हात लावून बघत होतो.

घरी आलो तर मामा येऊन बसलेले. आमच्याकडं मामाचा शब्द अखेरचा. लग्नाकार्यात तर त्यांच्याशिवाय पान हलत नाही. त्यांनी रिपोर्ट बघितला, घडी घालून परत ठेवला आणि सांगितलं की आधी पोराचं लग्न, मग किडनी. पोटावर वीतभर टाके असलेल्या पोराला पोरगी कोण देतंय? एक किडनीचा म्हणून सगळ्या पाहुण्यांत बोंब होईल. चार-पाच महिन्यांचा प्रश्न, तोवर मशीन आहेच की. आईनं पदर डोळ्याला लावला. तिला दोन्ही लेकरं हवी होती, दुसरं काय! अप्पांनी बिडी पेटवली. आणि मी? मी मूग गिळून गप्प बसलो. लाज सोडून सांगायचं तर मला बरं वाटलं. कापाकापी पाच महिने पुढं गेली, आणि ती मी पुढं ढकलली नाही, मोठ्यांनी ढकलली. एवढा सोयीचा मामा कुणाला नको असतो.

आमच्या अक्काची जागा स्वयंपाकघराच्या दाराशी. तिला सगळं ऐकू येत होतं. मला वाटलं होतं ती रडेल. मामा जाता जाता अंगणात हळू आवाजात आई-अप्पांशी आणखी काही बोलले, ते मी ऐकलं नव्हतं, तिनं ऐकलं. दोन दिवसांनी सेंटरमध्ये, झुंज सुरू व्हायच्या आधी, तिनं मला फोनवर सांगितलं. मामा म्हणत होते, पोरीचं काही बरंवाईट झालं तर वर्षभर घरात लग्न करता येत नाही, पोराचं वय निघून जाईल, म्हणून आधी उरकून घ्या.

"मामाचं बराबर हाय तम्मा," ती म्हणाली. "मी साळिंदर हाय."

मला राग आला. मामांचा, तिचा, सगळ्यांचा. मी म्हणालो, असलं घाण बोलू नको, मी आजच्या आज घरी जाऊन सांगतो की आधी ऑपरेशन. ती म्हणाली सांग की. मी घरी गेलो आणि सांगितलं नाही. उद्या सांगू, उद्या सांगू करत आठवडा गेला, तोवर निंबर्ग्याचं स्थळ आलं, पोरगी शिकलेली, घर चांगलं, आणि मला पोरगी आवडली. मग तर तोंडाला कुलूपच लागलं. अक्काच्या आजाराचं त्यांना सांगितलं होतं. माझ्या रिपोर्टचं नाव कुणी काढलं नाही.

लग्नाची तारीख शुक्रवारी निघाली. शुक्रवार म्हणजे डायलिसिसचा वार. मी सेंटरला जाऊन शनिवारची पहिली पाळी मागून घेतली, सकाळी सहाची. मला वाटलं मी फार मोठं काम केलं. अक्कानं त्या लग्नासाठी मोरपंखी साडी घेतली होती. ती करवली होणार होती. नवऱ्यानं टाकलेली असली तरी कुंकू होतं, आणि सख्खी थोरली बहीण, पाण्यानं भरलेला करा घेऊन भावाच्या मागं उभं राहायचा मान तिचाच. चुलत बहिणीनं सुचवून बघितलं की तुला झेपायचं नाही, मी उभी राहते. अक्का तिच्यावर अशी उखडली की विचारू नका.

मे महिना. निंबर्ग्याला गाड्यांतून उतरलो तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. मुलीकडच्यांनी मांडवाच्या दारात आमची पूजा केली आणि करवलीचा मान म्हणून अक्काच्या हातात शहाळं दिलं. डायलिसिसच्या माणसाला नारळपाणी म्हणजे विषच. सेंटरच्या भिंतीवर चित्र काढून लिहिलेलं आहे, दोन वर्षं आम्ही ते रोज बघत होतो. त्यात तिला दिवसभरात पाणी तरी किती? दोन पेले, तेही मोजून. अक्कानं शहाळं हातात घेतलं आणि माझ्याकडं बघितलं. नवीन पाहुणे, सगळे तिच्याकडं बघायलेत, तिला नाही म्हणता येईना, आणि तहानेनं जीव कासावीस झालेला. मी नवरदेव. मुंडावळ्या बांधलेल्या. मी फक्त एवढं म्हणायचं होतं की तिला चालत नाही, आणि ते काढून घ्यायचं होतं. चारचौघांत आजारपण कशाला काढा, असं माझ्या मनात आलं. मी नजर दुसरीकडं वळवली. तिनं सगळं पिऊन टाकलं.

मंगलाष्टकं झाली, ती पूर्ण वेळ माझ्या मागं उभी होती. कऱ्यातलं पाणी माझ्या खांद्यावर सांडत होतं. पण खाली बसली नाही.

शनिवारी सकाळी सहाला तिला नौबादला न्यायचं होतं. आमच्या घरची रीत अशी की नवी जोडी आली की पहिली गाडी मैलारला, मल्लण्णाला, म्हणजे आमच्या खंडोबाला. देवाच्या आधी दुसरीकडं चाक फिरवायचं नाही, दवाखान्याकडं तर मुळीच नाही. आणि करवली जोडीबरोबर लागते. आई म्हणाली, रस्ता नौबादवरूनच जातोय, दर्शन करून येता येता सोडू तिला, सहाचे दहा होतील, काय फरक पडतोय. मी अक्काकडं बघितलं. तिचे पाय सुजले होते, पैंजण मांसात रुतलेलं. ती म्हणाली, "जाऊन येऊ की. देवाचं हाय."

जीप सेंटरच्या दारावरून गेली. बाहेरच्या त्याच प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यातल्या एका खुर्चीवर मी दोन वर्षं बसलेलो. ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवायला मला किती वेळ लागला असता? माझ्या एका बाजूला नवी नवरी, एका बाजूला आई. मी हात मांडीवरच ठेवला. मैलारला त्या दिवशी लग्नाच्या जोड्याच जोड्या, ही रांग. भंडारा उधळला, पायऱ्या चढलो, नवरीला उचलून घेतलं, सगळे हसले. अक्का खाली जीपमध्येच बसून होती. परत नौबादला आलो तेव्हा चार वाजून गेले होते. आमच्या पाळीला दुसरा पेशंट घेतलेला, मशीन एकही मोकळं नाही. रविवारी सेंटर बंद. टेक्निशियननं अक्काकडं बघितलं आणि म्हणाला, मोठ्या दवाखान्यात जा, आत्ताच जा. अक्का म्हणाली मला काही होत नाही, सोमवारी पहिला नंबर लावा. आणि आम्ही, दहा माणसं दोन दिवसांची दमलेली, तिचं ऐकलं. तिचं ऐकणं सोयीचं होतं म्हणून ऐकलं.

रविवारी सकाळी ती मोरीजवळ भिंतीला धरून उभी होती. दम लागला होता, बोलता येत नव्हतं. त्याच जीपला फोन केला. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी तिच्याशी काहीबाही बोलत होतो, आता आलंच, हे बघ बिदर आलं. तिनं माझी अंगठ्याजवळची हळद लागलेली बोटं धरली होती. बिदर यायच्या आधीच तिची पकड सुटली. ड्रायव्हरला कळलं होतं, तरी त्यानं गाडी दवाखान्यापर्यंत तशीच पळवली. त्या माणसाचे उपकार आहेत.

मामांचं खरं ठरलं बघा. लग्न वेळेत उरकलं. तेराव्याच्या पंगतीत बसून मामा भाताला वरण मागत होते आणि मला ताट उचलून त्यांच्या अंगावर फेकावंसं वाटत होतं. पण फेकायचं तोंड मला कुठं होतं? मामांनी सांगितलं होतं, त्यांनी काही माझे हात बांधले नव्हते.

खेळ मी नंतर एकदाच उघडला. माझं कासव होतं, पाठ पसरायला तयार. मालक अक्काच्या मोबाइलमध्ये, आणि तो मोबाइल आईनं तिच्या मोरपंखी साडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवलेला. अनोळखी जोडीदार मिळाला. त्यानं दांडगा प्राणी पहिल्याच खेपेला पुढं काढला, मी करायचो तसा. मला रडू आलं आणि मी मोबाइल बंद केला.

गल्लीतल्या बायांनी मात्र सगळं खापर माझ्या बायकोवर फोडलं. नवरी आली आणि तिसऱ्या दिवशी नणंद गेली, पांढऱ्या पायाची आहे. पाण्याच्या टाकीवर तिच्या तोंडावर बोलल्या. मी एकदा सगळ्यांसमोर असा भांडलो की अप्पांनी मला ओढत घरात आणलं. पण खरं कारण मी तेव्हाही सांगितलं नाही, बायकोलाही नाही. बिचारी महिनोन्महिने खाली मान घालून वावरत राहिली. तिला वाटायचं की खरंच आपल्यामुळं काही झालं असेल. मी ते बघत होतो.

दिवाळीची झाडलोट काढली तेव्हा तिला कपाटावर ती फाइल सापडली. शिकलेली आहे, तिनं बसून सगळी वाचली. मी दुकानातून जेवायला आलो तर फाइल ताटाशेजारी ठेवलेली. तिनं विचारलं, हे तुमचं नाव कामून हाय ह्याच्यात. मग मी सांगितलं. मामा, बैठक, टाक्यांची खूण, आधी लग्न मग किडनी, सगळं. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. मला वाटलं, फसवलं म्हणून ही आता निंबर्ग्याला निघून जाईल, आणि गेली तर मला काही बोलायची सोय नाही.

ती बराच वेळ तारखा बघत बसली. रिपोर्टची तारीख, आमच्या साखरपुड्याची, लग्नाची, बोटावर मोजून.

"मला एकदा इचारायचं तरी व्हतं," ती म्हणाली. "मी तशीच आले असते."

साखरपुड्यापासून लग्नापर्यंत दोन महिने आम्ही रोज फोनवर बोलत होतो. शालूचा रंग, हातावरची मेंदी, फोटोवाला बिदरचा की आळंदचा, जेवणात जिलेबी की बुंदी, मी तिला सगळं विचारलं होतं.